बोर्डावर नाव एकाचं, रक्त दुसऱ्याचं

परवाच्या व्हिडिओत मी घोड्याचा विषय काढला आणि वेळ संपला म्हणून अर्धाच सोडला. माणमधला हार्डवेअरवाला घोड्यांवर काय बोलणार, असं वाटलं असेल. थांबा जरा.

आपल्या भागाची स्वतःची घोड्याची जात आहे, भीमथडी. भीमेच्या काठची म्हणून भीमथडी. दख्खनच्या लहान, चिवट तट्टांमध्ये अरबी घोड्यांचं रक्त मिसळत गेलं आणि मराठ्यांच्या फौजेत धावणारं जनावर तयार झालं. आज हेच घोडं धनगरांचं बिऱ्हाड पाठीवर घेऊन मेंढ्यांमागे चालतं. अलीकडे कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने तिला वेगळी जात म्हणून मान्यताही दिली. पण ज्या अरबी नरांमुळे ही जात घडली, त्यातल्या एकाचं तरी नाव तुम्ही ऐकलंय? मी नाही.

इंग्रजांनी वही ठेवली, म्हणून तिकडचा हिशोब लागतो. पुण्याच्या रेसकोर्सवर पळतात ते थरोब्रेड. त्यांचे मूळ पुरुष तीन मानतात: डार्ली अरेबियन, बायर्ली टर्क आणि गोडॉल्फिन अरेबियन. गोडॉल्फिन हा ट्युनिसहून फ्रान्समार्गे इंग्लंडला आलेला, अंगाने लहानसा. सांगतात की त्याला पैदाशीसाठी ठेवलंच नव्हतं. घोडी माजावर आलीय का, एवढं बघायला त्याला तिच्यापुढे उभं करायचे आणि मग बाजूला न्यायचे. रोक्सानाने मोठ्या नावाच्या घोड्याला जवळ येऊ दिलं नाही, म्हणून याचा नंबर लागला, अशी दंतकथा आहे. दंतकथा सोडा, पण 1732 साली रोक्सानाला त्याच्यापासून लाथ नावाचं शिंगरू झालं आणि ते शर्यतीत गाजलं, हे खरं.

आता आकडे बघा. 2001 साली डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या संशोधकांनी हिशोब मांडला. बाप, आजोबा, पणजोबा असं सरळ मागे गेलं तर आजच्या 95 टक्के थरोब्रेड नरांचा मूळ पुरुष डार्ली निघतो. म्हणजे बोर्ड डार्लीचा. पण सगळ्या बाजूंनी रक्त मोजलं तर डार्लीचा वाटा 6.5 टक्के आणि गोडॉल्फिनचा 13.8. दुपटीहून जास्त!

कसं झालं हे? लेकींकडून. 1764 साली जन्मलेला एक्लिप्स एकही शर्यत हरला नाही, आणि डार्लीचा वंश मुख्यतः त्याच्यामुळेच पसरला. पण एक्लिप्सच्या आईचा बाप रेग्युलस, आणि रेग्युलस हा गोडॉल्फिनचा मुलगा. डार्लीच्या नावावर जे घोडे जिंकत गेले, त्यांच्या अंगात हाही पळत होता. वहीत आपण फक्त बापाचा रकाना वाचत राहिलो तर हे दिसणारच नाही. माझं स्पष्ट मत आहे, आपण दुकानदार नेमकी हीच चूक करतो.

मी केली. माझ्याकडे एक प्लंबर यायचा. महिन्याचा माल जेमतेम, उधारी कायम, वर काउंटरला टेकून तासभर गप्पा. बीबीए झालेल्या माझ्या डोक्याने बिलं बघितली आणि त्याची उधारी बंद केली. तो काही बोलला नाही, यायचा थांबला. तीन महिन्यांत दोन मोठी गिऱ्हाईकं गेली. दोघंही आयटीवाल्या पोरांना खोल्या भाड्याने देणारे, नळ-पाइप-टाक्या सगळं माझ्याकडून घेणारे. मला वाटायचं ती माझ्या बोर्डाकडे बघून आली. एकाला विचारलं तेव्हा म्हणाला, "अहो, आम्हाला त्यानेच पाठवलं होतं ना तुमच्याकडे."

मग मी जुनी बिलबुकं घेऊन बसलो आणि एकेकाला फोन करून विचारलं, पहिल्यांदा कोणाच्या सांगण्यावरून आलात? टॉपच्या वीस खात्यांपैकी सात त्याची. त्याच्या नावावर बिल एकही मोठं नाही.

आता वहीत मी एक रकाना वाढवलाय, 'कोणाकडून'. तुम्हीही आजच आखा, पट्टी आणि पेन एवढाच खर्च आहे. सॉफ्टवेअरमध्ये तो बहुतेक मिळणार नाही, कारण ते बनवणारेही बापाचाच रकाना ठेवतात.

गेल्या रविवारी त्या प्लंबरच्या घरी जाऊन आलो. हल्ली तो म्हाळुंग्याच्या दुकानातून माल घेतो. माझं चुकलं म्हणालो. त्याने चहा पाजला, घरच्यांची चौकशी केली. परत येतो असं काही म्हणाला नाही.