हायपो की हायपर? विचारल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका!

"मला थायरॉईड आहे."
"आमच्या ह्यांना बीपी आहे."
"सासूबाईंना शुगर आहे ना, म्हणून चक्कर येते."

दवाखान्यात दिवसभर ऐकू येणारी ही वाक्यं. यात वावगं काय, असं तुम्हाला वाटेल. वावगं इतकंच की थायरॉईड मलाही आहे. गळ्याच्या पुढच्या बाजूला, फुलपाखराच्या आकाराची ही ग्रंथी तुम्हा-आम्हा सगळ्यांना असते. बीपीही सगळ्यांना असतं. ज्याला बीपीच नाही तो तक्रार सांगायला येत नाही. आणि रक्तात साखर नसलेला माणूस अजून जन्माला यायचाय.

'मला थायरॉईड आहे' म्हणजे मेकॅनिककडे जाऊन 'माझ्या गाडीला ब्रेक आहे' असं सांगण्यासारखं झालं. अहो, ब्रेक लागत नाहीये की लागलेला सुटत नाहीये, ते सांगा! दुरुस्ती त्यावर ठरणार.

ते सांगण्याचं काम वैद्यकात दोन छोटे ग्रीक उपसर्ग करतात. एक 'हायपर' आणि दुसरा 'हायपो'. रिपोर्टवर ते असतात, केसपेपरवर असतात, पण दवाखान्यातून घरी पोचेपर्यंत वाटेत कुठेतरी गळून पडतात. माझं म्हणणं असं, की ही गळती म्हणजे नुसती भाषेची ढिलाई नव्हे. ही जिवावर बेतू शकणारी सवय आहे. तिला पेशंट जबाबदार आहेत आणि आम्ही डॉक्टर त्याहून जास्त जबाबदार आहोत.

परके नव्हेत, चुलत घराण्यातले

ग्रीक म्हटलं की घाबरायचं कारण नाही. 'हायपर' म्हणजे वर, पलीकडे, प्रमाणाबाहेर. संस्कृतमधला 'उपरि' आणि लॅटिनमधला 'सुपर' हे त्याचे सख्खे भाऊबंद. आपण रोज म्हणतो तो 'वर' हा शब्दही त्याच 'उपरि'पासून आलाय. 'हायपो' म्हणजे खाली, कमी. त्याचा नातेवाईक म्हणजे आपला 'उप'. उपनगर, उपप्राचार्य, उपमुख्यमंत्री यांतला. मुख्यपेक्षा एक पायरी खाली तो उप!

ही जोडी इंग्रजीत ठिकठिकाणी भेटते. 'हायपोडर्मिक' सुई म्हणजे त्वचेच्या खाली जाणारी. डर्मा म्हणजे त्वचा. 'हायपरबोली' म्हणजे अतिशयोक्ती. मूळ अर्थ पलीकडे फेकणं. 'हायपॉथेसिस' म्हणजे युक्तिवादाच्या खाली पाया म्हणून ठेवलेलं गृहीतक. आणि 'हायपोकाँड्रिया', म्हणजे आपल्याला काहीतरी मोठा आजार आहे अशी सततची धास्ती, याचा शब्दशः अर्थ आहे 'कूर्चेच्या खाली'. बरगड्यांच्या कूर्चेखाली उजवीकडे यकृत आणि डावीकडे प्लीहा असते. उदासपणा तिथून उगम पावतो, असं जुने ग्रीक वैद्य मानत. समजूत मोडीत निघाली, शब्द राहिला. पोटाच्या त्या भागाला आम्ही आजही हायपोकाँड्रियम म्हणतो.

एक सापळा मात्र लक्षात ठेवा. 'हिप्पो' हा वेगळा शब्द. त्याचा अर्थ घोडा. हिप्पोपोटॅमस म्हणजे नदीतला घोडा. ज्यांच्या नावाने आम्ही डॉक्टर शपथ घेतो त्या हिप्पोक्रेटिस यांच्या नावातही घोडाच आहे. दांभिक माणसासाठीचा 'हिपोक्रिट' मात्र 'हायपो'च्या कुळातला. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ रंगमंचावरचा नट. तेव्हा हिप्पोक्रेटिसची शपथ आणि हिपोक्रिट यांचं भाषिक नातं काही नाही. बाकीचं नातं असू नये, एवढी जबाबदारी आमची.

उपसर्ग गळाला की काय होतं

पहिलं उदाहरण साखरेचं. मधुमेही आजोबा. संकष्टीचा उपास, पण साखरेची गोळी नेमाने घेतली. संध्याकाळी दरदरून घाम, हातपाय थरथरतात, बोलणं असंबद्ध. घरचे म्हणतात, "शुगर झाली! त्यांना गोड काही देऊ नका. सकाळची गोळी राहिली असेल, ती द्या." झालं उलटंच होतं. साखर चढली नव्हती, उतरली होती. हा हायपोग्लायसेमिया. हायपो म्हणजे कमी, ग्लाय म्हणजे गोड, एमिया म्हणजे रक्तात. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या घेणाऱ्यांना हा धोका असतो. उपास, वय आणि किडनीचा आजार तो वाढवतात.

रक्तातली साखर ७०च्या खाली गेली की उपाय लगेच सुरू करायचा. पेशंट शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर १५ ग्रॅम साखर, म्हणजे चहाचे तीन-चार चमचे, पाण्यात विरघळवून द्या. १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. अजून कमीच असेल तर पुन्हा तेवढीच द्या. व्होग्लिबोज किंवा अकार्बोजची गोळी चालू असेल तर घरची साखर उशिरा पचते, म्हणून ग्लुकोज पावडरच द्या. चॉकलेट किंवा पेढा देत बसू नका. त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात जायला वेळ लागतो. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका, थेट हॉस्पिटल गाठा.

घरी मशीन नसेल तर? साखर कमी झाली असंच धरून चाला. जास्त असलेल्याला चार चमचे साखरेने त्या घडीला फारसं बिघडत नाही. कमी असलेल्याला ती न मिळाल्यास जीव जाऊ शकतो.

दुसरं उदाहरण थायरॉईडचं. हायपोथायरॉइडमध्ये ग्रंथीचं काम मंदावतं. थकवा, थंडी सोसत नाही, बद्धकोष्ठ, कोरडी त्वचा, वजन थोडं वाढणं, पाळीत जास्त रक्तस्राव. हायपरथायरॉइडमध्ये सगळं उलट. छातीत धडधड, उकाडा सोसत नाही, हात थरथरतात, भूक असूनही वजन उतरतं. पहिल्याला थायरॉक्सिनची गोळी द्यायची. दुसऱ्याला तीच गोळी म्हणजे आगीत तेल. हृदयाचे ठोके बिघडू शकतात. आता "तुलाही थायरॉईड, मलाही थायरॉईड, माझी गोळी घेऊन बघ" असं म्हणणाऱ्या शेजारीणबाई आठवा. मदतीची भावना शंभर टक्के, माहिती निम्मी.

इथे आणखी एक गोंधळ होतो. रिपोर्टमध्ये टीएसएच वाढलेलं दिसतं आणि लोक म्हणतात, "माझा थायरॉईड वाढलाय." टीएसएच हे थायरॉईडचं हार्मोन नाही. मेंदूच्या तळाशी असलेली पियूषिका ग्रंथी थायरॉईडला जो हुकूम सोडते, ते टीएसएच. कामगार सुस्तावला की मुकादमाचा आवाज चढतो. म्हणून टीएसएच जास्त म्हणजे बहुतेक वेळा थायरॉईड कमी, अर्थात हायपो. बाण वर, आजार खाली!

तिसरं उदाहरण पोटॅशियमचं. कॅलियम हे त्याचं लॅटिन नाव, म्हणून हायपरकॅलेमिया म्हणजे रक्तात पोटॅशियम जास्त. हे फार वाढलं तर हृदय थांबू शकतं. किडनीच्या पेशंटला "पोटॅशियमचा प्रॉब्लेम आहे" एवढंच सांगून घरी पाठवलं, तर घरचे मायेने शहाळ्याचं पाणी देणार. त्यात पोटॅशियम भरपूर. जोडीला 'हृदयाला चांगलं' म्हणून कमी सोडियमचं मीठ आणणार. अशा मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड घातलेलं असतं. एक उपसर्ग सांगायला दोन सेकंद लागले असते.

आणि ते टेन्शन

सगळ्यात मोठा घोटाळा 'हायपरटेन्शन'ने केलाय. डॉक्टर हायपरटेन्शन म्हणतात, पेशंट 'टेन्शन' ऐकतो. "डॉक्टर, मला कसलंच टेन्शन नाही. पेन्शन चालू आहे, मुलं मार्गी लागली. मला कसं होईल?" काही जण तर मुलीचं लग्न पार पडलं, टेन्शन संपलं, म्हणून गोळी बंद करतात.

या शब्दातलं टेन्शन मनाचं नाही. मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ खेचला जाणं, म्हणजे चक्क आपला 'ताण'. दोन्ही शब्द एकाच प्राचीन धातूपासून आलेत. इथे ताण आहे तो रक्तवाहिन्यांच्या भिंतींवरचा. दवाखान्यात वेगवेगळ्या वेळी मोजूनही रक्तदाब १४०/९०च्या वर राहिला की त्याला हायपरटेन्शन म्हणतात. मन शांत असो वा नसो, डोकं दुखो वा न दुखो. बहुतेकांना काहीच त्रास जाणवत नाही. नुकसान मात्र मेंदू, हृदय, किडनी आणि डोळ्यांत चालू राहतं. शब्दाचा अर्थ चुकला म्हणून गोळी सुटली, गोळी सुटली म्हणून पक्षाघात झाला, ही साखळी काल्पनिक नाही.

डॉक्टर मंडळींची बाजू

माझे व्यवसायबंधू यावर म्हणतील, वेळ कुठे आहे? बाहेर चाळीस पेशंट बसलेत. मान्य. पण 'तुमची थायरॉईड कमी काम करते' हे पाच शब्द आहेत. ते न सांगितल्यामुळे नंतर येणाऱ्या फोनना यापेक्षा जास्त वेळ लागतो.

दुसरा आक्षेप, लोकांना कळत नाही. भाजीवालीकडे दोन रुपयांचा हिशेब चोख करणाऱ्या माणसाला कमी-जास्त कळत नाही, यावर माझा विश्वास नाही. न कळण्याचं कारण आम्ही वापरलेले शब्द. फोनवर, गर्दीत, कमी ऐकू येणाऱ्या आजोबांना हायपो आणि हायपर जवळजवळ सारखंच ऐकू येतं. सगळा अर्थ शेवटच्या अक्षरावर टांगलेला, आणि नेमकं तेच अक्षर आम्ही गिळतो.

तिसरा आक्षेप भाषाप्रेमींचा. ग्रीक कशाला, शुद्ध मराठी संज्ञा वापरा. कोणत्या? थायरॉईडला परिभाषेत 'अवटु ग्रंथी' म्हणतात. ग्रीक न कळणाऱ्याला अवटु कळेल ही आशा व्यर्थ आहे. एका अवघड शब्दाच्या जागी दुसरा अवघड शब्द ठेवून पेशंटच्या हाती काय लागलं? आपल्याकडे 'कमी' आणि 'जास्त' हे दोन फर्डे शब्द आहेत. दोन्ही फारसीमार्गे आले आणि मराठीच होऊन गेले. शास्त्रीय नाव रिपोर्टवर राहू द्या, ते अचूक असतं आणि जगभर चालतं. त्याच्या शेजारी कमी किंवा जास्त लिहायला शाई फार लागत नाही.

उपसर्ग म्हणजे उपचार नव्हे

आता दुसरं टोक गाठू नका. हायपो म्हणजे कमी, मग भर घाला. हायपर म्हणजे जास्त, मग बंद करा, असा घरगुती हिशेब धोक्याचा. हायपोनेट्रेमिया म्हणजे रक्तातलं सोडियम १३५च्या खाली. वयस्कर माणसं यात गोंधळतात, झोपाळतात आणि घरचे 'वय झालं' म्हणून सोडून देतात. पण इथे पुष्कळदा मीठ कमी पडलेलं नसतं, शरीरात पाणी जास्त साठलेलं असतं. कधी लघवी वाढवणारी गोळी कारण असते. अशा वेळी घरी मीठ चारत बसणं चूक. उपसर्ग दिशा सांगतो. कारण शोधणं डॉक्टरचं काम.

तर आता काय कराल?

पुढच्या वेळी रिपोर्ट हातात आला की तीन प्रश्न विचारा.
१. काय कमी किंवा जास्त झालंय?
२. किती, आणि असायला किती हवं?
३. ही गोळी ते वाढवते की घटवते?

उत्तरं तिथेच, फाईलच्या पहिल्या पानावर, मराठीत लिहून घ्या. रात्री दोन वाजता तुम्हाला ॲम्ब्युलन्समधून न्यायची वेळ आली, तर तुमची फाईल तुमच्या वतीने बोलेल. आणि त्या फाईलवर 'थायरॉईड आहे, शुगर आहे' एवढंच लिहिलेलं असेल, तर ड्युटीवरच्या डॉक्टरला तुमच्या गाडीला ब्रेक आहे एवढंच कळेल.

विचारायला संकोच वाटतो? डॉक्टर चिडतील असं वाटतं? चिडू द्या थोडे. रोग तुमचा, शरीर तुमचं, फीही तुम्हीच दिलेली. त्यात तो एक उपसर्ग धरलेला असतो. तो घेतल्याशिवाय उठू नका.