रिमोटवर १८, खोलीत २६: एसीच्या आकड्यामागचं गणित काय आहे?

बाहेरून घामाघूम होऊन आलं की हात आधी एसीच्या रिमोटकडे जातो. मग बोट खालचा बाण दाबत राहतं. २४, २२, २०, १८. आकडा जितका खाली, तितकी खोली लवकर गार होणार, असा सरळ हिशोब.

हा हिशोब चुकतो. आणि नेमक्या याच सवयीमुळे एसीचा आकडा घराघरातून थेट दिल्लीच्या धोरणात पोहोचला आहे.

१० जून २०२५ ला केंद्रीय ऊर्जामंत्री मनोहर लाल खट्टर यांनी एक प्रस्ताव जाहीर केला. एसीचं तापमान २० अंशांच्या खाली आणि २८ अंशांच्या वर नेता येणार नाही, अशी ती कल्पना. सोशल मीडियावर लगेच विचारणा सुरू झाली, 'आता आमच्या बेडरूमचं तापमानही सरकारच ठरवणार का?' काही दिवसांतच पर्यावरणमंत्री भूपेंद्र यादव यांनी हा नियम लगेच लागू होणार नसल्याचं सांगितलं आणि मीम्सचा पूर ओसरला.

प्रश्न मात्र तिथेच राहिला. १८ आणि २४ मध्ये एवढा काय फरक आहे?

१८ वर ठेवल्याने खोली लवकर थंड होते का?

नाही. रिमोटवरचा आकडा म्हणजे एसीतून येणाऱ्या हवेचं तापमान नाही. खोली कुठपर्यंत गार झाली की जोर कमी करायचा, एवढंच तो आकडा मशीनला सांगतो.

जुन्या, साध्या एसीचा कॉम्प्रेसर एक तर पूर्ण ताकदीने चालतो किंवा बंद असतो. इन्व्हर्टर एसीत त्याचा वेग कमी-जास्त होतो. पण खोली ३४ अंशांवर असताना तुम्ही १८ मागा किंवा २४, दोन्ही मशीन सुरुवातीला जवळपास सारख्याच जोरात पळतात. ३४ वरून २४ वर यायला लागणारा वेळ साधारण तेवढाच.

खरा फरक त्यानंतर पडतो. २४ मागितलं असेल तर तिथे पोहोचल्यावर मशीन दम घेतं. १८ मागितलं असेल तर ते पळतच राहतं. शिवाय बाहेर ३४ आणि आत २४ असताना दहा अंशांचा फरक असतो, आत १८ केलं की तो सोळा होतो. फरक वाढला की भिंती, काचा आणि दाराच्या फटींतून उष्णताही जास्त वेगाने आत येते. ती बाहेर फेकायला पुन्हा वीज लागते.

एका अंशाने किती वीज वाचते?

केंद्र सरकारच्या ऊर्जा दक्षता ब्युरोचा, म्हणजे एसीवर स्टार देणाऱ्या संस्थेचा, ढोबळ ठोकताळा आहे: एक अंश वाढवला की एसीची सुमारे ६ टक्के वीज वाचते.

समजा, १८ वर ठेवलेला एसी महिन्याला २०० युनिट खातो. या ठोकताळ्याने २४ वर तो १४० युनिटच्या आसपास येईल. म्हणजे महिन्याला ६० युनिट कमी. महावितरणच्या बिलात युनिट वाढतात तसा पुढच्या टप्प्याचा दरही चढतो. पंखे, दिवे, फ्रिज यांनी पहिले टप्पे भरलेले असतात, त्यामुळे एसीची युनिट बहुतेक वेळा महागड्या टप्प्यात मोजली जातात. वाचलेले ६० युनिटही त्याच टप्प्यातले.

पण या ६ टक्क्यांना एक अट आहे, आणि जाहिरातींमध्ये ती सांगितली जात नाही. मशीनने मागितलेलं तापमान गाठलं पाहिजे.

वरच्या मजल्यावरचं घर घ्या. दिवसभर तापलेला स्लॅब, पश्चिमेची भिंत, खोलीच्या मानाने लहान एसी. मे महिन्यात रिमोटवर १८ असतं आणि खोली २६ च्या खाली उतरतच नाही. कॉम्प्रेसर अखंड पूर्ण ताकदीने चालू. अशा घरात १८ चं २० केलं तर बिलात दमडीचाही फरक पडणार नाही, कारण मशीन दोन्हीपैकी कुठेच पोहोचत नाही. त्याला २७ सांगितलं, तरच ते कधीतरी थांबेल. तिथे खरा उपाय म्हणजे गच्चीला पांढरा रंग, खिडकीला जाड पडदा आणि धुतलेला फिल्टर. २० अंशांच्या मर्यादेवरचा सगळा वाद अशा घरांच्या बाजूने निघून जातो.

मग किती ठेवायचं?

१ जानेवारी २०२० पासून स्टार रेटिंग असलेले नवे एसी सुरू होताना २४ वर सुरू व्हावेत, असा नियम आहे. पुढे बदलायची मोकळीक ग्राहकाला आहेच. २४ हा काही जादूचा आकडा नाही. अहमदाबादच्या सेप्ट विद्यापीठातल्या संशोधकांनी भारतीय कार्यालयांतल्या लोकांचा अभ्यास केला, तेव्हा इथली माणसं परदेशी मानकं गृहीत धरतात त्याहून जास्त तापमानातही आरामात असल्याचं दिसलं. राष्ट्रीय इमारत संहिता २०१६ मध्येही त्या अभ्यासाची दखल घेतली गेली.

नागपूर आणि मुंबईचा हिशोबही एक नाही. विदर्भातला उन्हाळा कोरडा असतो, घाम लगेच सुकतो, म्हणून तिथे कूलरवर भागतं. मुंबईत आणि कोकणात त्रास तापमानाइतकाच दमटपणाचा असतो. तिथे पावसाळ्याच्या तोंडावर बरेचजण आकडा खाली नेतात, पण त्यांना हवी असते ती कोरडी हवा. बहुतेक एसीत त्यासाठी वेगळा 'ड्राय' मोड असतो. रिमोटवरचं ते बटण अनेक घरांत कोणी दाबून पाहिलेलंही नसतं.

आणि पंखा. एसी लावला की पंखा बंद करायचा, ही सवय खर्चाची आहे. वारा अंगावरून गेला की दोन-तीन अंश कमी असल्यासारखं वाटतं. साधा पंखा ७५ वॉटच्या आसपास वीज घेतो, दीड टनाचा एसी पूर्ण जोरात असताना त्याच्या कितीतरी पट. त्यामुळे २६-२७ वर एसी आणि वर मंद पंखा ही जोडी २२ च्या एसीपेक्षा स्वस्त पडते. घरात तान्हं बाळ किंवा आजारी माणूस असेल तर अर्थातच त्याची गरज आधी.

सरकारला यात का पडायचं आहे?

३० मे २०२४ ला देशाची विजेची मागणी सुमारे २ लाख ५० हजार मेगावॉटवर गेली. तोवरचा तो उच्चांक होता. दुपारी सौर ऊर्जा हातभार लावते. बेडरूममधले एसी मात्र रात्री सुरू होतात, सूर्य मावळल्यावर, आणि तेव्हा भार मुख्यतः कोळशावर येतो. साधारण दहापैकी एका घरात एसी असताना ही स्थिती आहे. विक्री तर दर उन्हाळ्यात वाढते आहे.

इतर देशांनीही असे आकडे ठरवले आहेत, पण त्यांनी सुरुवात घरांपासून केली नाही. जपानने २००५ मध्ये 'कूल बिझ' मोहिमेत कार्यालयांना एसी २८ वर ठेवायचं आवाहन केलं आणि सोबत कर्मचाऱ्यांना कोट-टाय काढायची परवानगी दिली. स्पेनने ऑगस्ट २०२२ मध्ये २७ च्या खाली न जाण्याचा नियम केला, तो सार्वजनिक इमारती, दुकानं आणि मॉल यांच्यासाठी. लोकांच्या घरांना त्याने हात लावला नाही.

आपल्याकडे मॉलमध्ये आणि मल्टिप्लेक्समध्ये मे महिन्यातही अंगावर ओढणी घेऊन बसावं लागतं. तिथला आकडा ठरवणारा रिमोट ग्राहकाच्या हातात नसतो. वाद मात्र घरातल्या रिमोटवर झाला.