आधी गिऱ्हाईक, मग गुंतवणूकदार

नवा उद्योग काढायला निघालेल्या तरुणांच्या कोणत्याही मेळाव्यात जा, पहिला प्रश्न ठरलेला असतो: "फंडिंग कसं मिळवायचं?" माल कोण घेणार, किती रुपयांना घेणार, पुन्हा घेणार का, हे प्रश्न बरेच मागून येतात. 'आधी गुंतवणूक, मग धंदा' हा क्रम या मुलांच्या मनात पक्का बसला आहे. स्पर्धा, शिबिरं आणि बातम्या तो रोज आणखी घट्ट करतात. बहुतेक नव्या उद्योगांसाठी हा क्रम उलटा आहे आणि त्यापायी चांगली माणसं आपली उमेदीची वर्षं गमावतात, असं माझं ठाम मत आहे.

या क्रमाच्या बाजूने तीन गोष्टी सांगितल्या जातात. पहिली, भांडवलाशिवाय वस्तूच तयार होत नाही, मग विकणार काय? दुसरी, आपण सावकाश चाललो तर पैसेवाला स्पर्धक बाजार काबीज करेल. तिसरी, गुंतवणूकदाराचा पैसा कर्जासारखा फेडावा लागत नाही, म्हणजे जोखीम त्याची. तिन्ही गोष्टी ऐकायला बिनतोड वाटतात, म्हणून एकेक तपासू.

भांडवलाशिवाय सुरुवात होत नाही म्हणणाऱ्यांनी कैलाश काटकर यांची वाटचाल पाहावी. दहावीनंतर शिक्षण सुटलेल्या या माणसाने पुण्यात रेडिओ आणि कॅल्क्युलेटर दुरुस्तीपासून सुरुवात केली आणि पुढे संगणक दुरुस्ती हाती घेतली. दुरुस्त करून दिलेले संगणक व्हायरस लागून पुन्हा दुकानात येत. धाकटे भाऊ संजय यांनी ते साफ करणारा प्रोग्राम लिहिला आणि तो त्याच गिऱ्हाइकांच्या उपयोगी पडला. त्यातून क्विक हील ही अँटिव्हायरस कंपनी उभी राहिली. सिक्वोया कॅपिटल या गुंतवणूक संस्थेचा पैसा आला तो २०१० मध्ये आणि शेअर बाजारात नोंदणी झाली ती २०१६ मध्ये. मोठं भांडवल आलं तेव्हा गिऱ्हाईक, माल आणि विक्री तिन्ही जागेवर होतं. दुरुस्तीच्या दुकानाने भावांना रोजचं उत्पन्न दिलं, आणि लोकांची खरी अडचण काय आहे तेही दाखवून दिलं. ही माहिती कुठल्याही गुंतवणूकदाराच्या तिजोरीत नसते.

आणि भांडवल खरोखरच आधी लागत असेल तर? दादासाहेब फाळक्यांना 'राजा हरिश्चंद्र'साठी ते लागलंच. पण हिंदुस्थानात चित्रपट काढता येतो यावर कोणाचा विश्वास बसेना, तेव्हा त्यांनी रोपट्याच्या वाढीचा एक छोटा चित्रपट तयार केला आणि पैसे देऊ शकणाऱ्यांना तो दाखवला. पुरावा आधी आला, पैसा मागून आला. पूर्ण वस्तू बनवायला भांडवल नसेल, पण तिचा एक तुकडा बनवून समोर ठेवण्याइतकं बळ बहुतेकांकडे असतं.

दुसरा मुद्दा स्पर्धेचा. २०१० मध्ये बंगळुरात नितीन आणि निखिल कामत या भावांनी झेरोधा ही शेअर दलालीची कंपनी सुरू केली तेव्हा समोर मोठमोठ्या बँकांच्या दलाली संस्था होत्या. बाहेरचं भांडवल न घेता ही कंपनी देशातल्या सर्वांत मोठ्या दलाली संस्थांपैकी एक झाली. व्यवहार केवढाही असो, दलाली जास्तीत जास्त २० रुपये, हा त्यांचा सौदा गिऱ्हाइकाला लगेच समजला. पैसेवाला स्पर्धक जाहिरात विकत घेऊ शकतो, सवलती वाटू शकतो. पण सवलतीपोटी आलेलं गिऱ्हाईक सवलत संपली की जातं. लोकांना नक्की काय हवंय हे जो लवकर शिकतो, त्याला गाठणं अवघड असतं, आणि हे शिक्षण विक्री सुरू झाल्याशिवाय मिळत नाही.

तिसरा मुद्दा सर्वांत फसवा आहे. फेडावा लागत नाही म्हणजे पैसा फुकट नव्हे. दोन भागीदारांनी पहिल्या फेरीत २० टक्के हिस्सा दिला, दुसऱ्या फेरीत पुन्हा २० आणि तिसऱ्या फेरीतही २०, तर दोघांकडे मिळून जेमतेम ५१ टक्के उरतात. शिवाय बहुतेक करारांत कंपनी विकली गेल्यास गुंतवणूकदाराने आपली रक्कम आधी काढून घ्यायची अट असते. दोन कोटी घेतले आणि कंपनी दोन कोटींनाच विकली गेली, तर संस्थापकांच्या हाती काहीच येत नाही. याहून महत्त्वाचा मुद्दा गुंतवणूकदाराच्या गरजेचा. नव्या उद्योगांत पैसे घालणारा व्हेंचर फंड साधारण दहा वर्षांचा असतो. त्याने घातलेले बरेच पैसे बुडतात आणि एकदोन प्रचंड यशांतून ते भरून काढावे लागतात. म्हणून दरवर्षी नेटाने वाढणारी, नफा देणारी, पन्नास घरं चालवणारी कंपनी त्याच्या हिशेबात बसत नाही. यात त्याचा दोष नाही. पण आपला उद्योग तशा प्रचंड यशाच्या जातीचा आहे का, हे न तपासता त्याचा पैसा घेणं हा मात्र आपला दोष ठरतो.

अपवाद आहेत आणि ते मान्य केलेच पाहिजेत. नवं औषध, वैद्यकीय उपकरण किंवा बॅटरीचं रसायन गल्ल्यातल्या पैशावर उभं राहत नाही. तिथे अनुदानाची वाट धरावी. २०२१ पासूनच्या स्टार्टअप इंडिया सीड फंड योजनेत कल्पनेच्या सिद्धतेसाठी २० लाखांपर्यंत अनुदानाची तरतूद झाली. जैवतंत्रज्ञानासाठी बायरॅक या सरकारी संस्थेचं ५० लाखांपर्यंतचं अनुदान असतं. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारातलं व्हेंचर सेंटर अशाच संशोधकांसाठी आहे. मात्र जेवणाचे डबे, शिकवण्या, हिशेबाचं सॉफ्टवेअर किंवा शेतमाल विक्री यांतल्या माणसाने या अपवादाचा आडोसा घेऊ नये.

मग करायचं काय? वस्तू अर्धी असतानाच दहा जणांकडे जा आणि पैसे मागा. "छान आहे, करा" ही दाद नातेवाईकही देतात. आगाऊ रक्कम तोच देतो ज्याची अडचण खरी आहे. नोकरी कधी सोडायची, याचं उत्तरही इथेच मिळतं: ओळखीपाळखीबाहेरची माणसं पैसे देऊन दुसऱ्यांदा येऊ लागली आणि घरखर्चाची काही महिन्यांची तजवीज झाली, की सोडा. भागीदार मित्र असला तरी पहिल्या महिन्यातच करार लिहा. हिस्सा एकदम न देता चार वर्षांत टप्प्याटप्प्याने मिळेल आणि पहिल्या वर्षाच्या आत सोडून जाणाऱ्याला काहीच मिळणार नाही, ही अट मैत्री वाचवते.

आणि उधारी सांभाळा. विक्री भरपूर, पण पैसे अडकलेले, अशा अवस्थेत कित्येक चांगले उद्योग बसतात. उत्पादन करणारा किंवा सेवा देणारा सूक्ष्म वा लघु उद्योग असाल तर उद्यम नोंदणी आधी करून घ्या. सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठीच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे खरेदीदाराने लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. उशीर झाला तर बँक दराच्या तिप्पट दराने चक्रवाढ व्याज लागतं. आपलेच पैसे मागायला संकोच वाटण्याचं कारण नाही.

एवढं झाल्यावर गुंतवणूकदाराकडे खुशाल जा. एक गिऱ्हाईक मिळवायला किती खर्च येतो, त्यातली किती परत येतात आणि प्रत्येक विक्रीमागे हातात काय उरतं, हे तीन आकडे सोबत न्या. ते असतील तर अटी तुम्हीही घालू शकाल. नसतील तर समोरचा घालेल त्या अटी मान्य कराव्या लागतील.

महाविद्यालयांना आणि उद्योजकता केंद्रांनाही माझं सांगणं आहे. सुबक सादरीकरणाला बक्षीस देणं थांबवा. जी मुलं सहा महिन्यांत अनोळखी माणसांना माल विकून, नफ्यातोट्याचा खरा हिशेब आणून दाखवतील, त्यांना द्या. गिऱ्हाइकाने स्वखुशीने मोजलेला रुपया ही उद्योगाची पहिली पुंजी आहे. तिच्यासाठी हिस्सा द्यावा लागत नाही, आणि ती ज्याने कमावली त्याला पुढचं भांडवल मागताना मान खाली घालावी लागत नाही.