तेरावा रकाना

मृदा आरोग्य पत्रिकेवर बारा रकाने आहेत. नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, पाच सूक्ष्म अन्नद्रव्ये, सामू, विद्युत वाहकता, सेंद्रिय कर्ब. बोरॉन आहे. सोडियम नाही. 2015 मध्ये पत्रिकेची योजना आली तेव्हाच तो वगळलेला होता.

हलक्या माळरानावर हे खपून जाते. राहाता, श्रीरामपूर, राहुरीच्या काळ्या रानात नाही. भंडारदरा धरण 1926 साली पुरे झाले. तेव्हापासून प्रवरेचे कालवे उसाला पाणी देत आहेत आणि सखल रानांत क्षार फुलत आहेत.

काळ्या मातीतला चिकणकण म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या भागाइतक्या जाडीच्या पापुद्र्यांची चवड. दोन पापुद्र्यांच्या मध्ये पाणी कोंडलेले. एक बल त्यांना जवळ ओढते, दुसरे दूर ढकलते. ढकलणाऱ्या बलाचा पल्ला पाण्यातले क्षार आखडून धरतात. क्षार एका मर्यादेखाली उतरले की पापुद्रे सुटतात, छिद्रे बुजतात, निचरा संपतो. कणांवर कॅल्शियम असेल तर ही मर्यादा अगदी खाली असते. सोडियम असेल तर बरीच वर.

आता दोन राने घ्या. दोन्हींची वाहकता चढी, सामू साडेआठच्या आत. पत्रिकेवर दोन्ही सारखीच. पण एकात चिकणकणांना धरून बसलेला सोडियम 15 टक्क्यांच्या खाली आहे. तिथे चर काढून गोड्या पाण्याने धुतले की जमीन सुधारते. दुसऱ्यात तो 15 च्या वर आहे. तिथे नुसते धुतले की क्षार जातात, सोडियम राहतो आणि जमीन चोपण होते. पाणी जितके गोडे, तितकी लवकर. तिथे आधी जिप्सम, मग पाणी. जिप्सम एकरी किती, तेही याच टक्केवारीवरून ठरते.

हे ज्ञान दूर कुठे नाही. राहुरीलाच कृषी विद्यापीठ आहे.

खर्चाची सबबही टिकत नाही. पालाश मोजायला अमोनियम अॅसिटेटचा अर्क काढतात आणि तो फ्लेम फोटोमीटरवर लावतात. त्याच अर्कातला सोडियम त्याच यंत्रावर फिल्टर बदलून मोजता येतो. टक्केवारीसाठी त्यातून पाण्यात विरघळलेला सोडियम वजा करावा लागेल, मातीची विनिमय क्षमता (चिकणकण एकूण किती धनभारित आयन धरू शकतात ती) वेगळी काढावी लागेल आणि पत्रिकेवर एक रकाना वाढवावा लागेल.