मानद पदवी : देणार कोण, घेणार कोण?

तालुक्याच्या गावी अभिनंदनाचे फलक नवे नाहीत. निवडणूक जिंकली, नेमणूक झाली, पुरस्कार मिळाला की चौकात फलक लागतो. अलीकडे या फलकांवर ‘मानद डॉक्टरेट’ हे शब्दही दिसू लागले आहेत. बारामती आणि इंदापूर या दोन्ही तालुक्यांत शेती, सहकार, शिक्षण, दूधधंदा अशा क्षेत्रांत आयुष्य घालवलेली माणसे पुष्कळ आहेत. त्यांचा सन्मान झाला तर आनंदच आहे. पण ही पदवी दिली कोणी, तिला कायद्याचा आधार काय आणि ती कोणत्या कामासाठी दिली, हे फलकावर लिहिलेले नसते. वाचणाराही ते विचारत नाही. ते विचारायला हवे, कारण मानद पदवी हा विद्यापीठाने समाजापुढे दिलेला निर्णय असतो. विद्वत्ता आणि लोकसेवा आपण कशाला मानतो, हे विद्यापीठ त्यातून सांगत असते.

पहिला प्रश्न देणाऱ्याचा. विद्यापीठ अनुदान आयोग अधिनियम, १९५६ मधील कलम २२ याबाबत स्पष्ट आहे. केंद्राच्या किंवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेले विद्यापीठ, अभिमत विद्यापीठ आणि संसदेने खास अधिकार दिलेली संस्था, एवढ्यांनाच पदवी देता येते. पदवी देण्याचा अधिकार मुळात यांचाच असल्याने मानद पदवीही दुसऱ्या कोणाला देता येत नाही. एखादी परिषद, अकादमी, प्रतिष्ठान किंवा मानवाधिकाराच्या नावाने चालणारी संघटना कितीही मोठे नाव लावो, ती डॉक्टरेट देऊ शकत नाही.

बारामती-इंदापूरच्या संदर्भात याचा अर्थ नीट समजून घेऊ. बारामतीचे तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ पासून उभे आहे आणि आज ते स्वायत्त आहे. विद्या प्रतिष्ठानची स्थापना १९७२ची. इंदापुरातही कला, विज्ञान आणि वाणिज्य शाखांचे जुने महाविद्यालय आहे. माळेगावला अजैविक ताण व्यवस्थापनाची राष्ट्रीय संशोधन संस्था आहे. या संस्थांमुळे दोन्ही तालुक्यांत शिक्षण आणि संशोधन रुजले. तरीही मानद पदवी देण्याचा अधिकार यांपैकी कोणालाच नाही. महाविद्यालय स्वायत्त झाले म्हणजे अभ्यासक्रम आणि परीक्षा त्याच्या हाती येतात. पदवी मात्र विद्यापीठाचीच असते. या भागातील कला, वाणिज्य आणि विज्ञान महाविद्यालयांसाठी ते विद्यापीठ म्हणजे सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ, शेतीच्या शिक्षणासाठी राहुरीचे महात्मा फुले कृषी विद्यापीठ आणि वैद्यकीय शिक्षणासाठी नाशिकचे आरोग्य विज्ञान विद्यापीठ.

दुसरा प्रश्न प्रकारांचा. आपल्याकडे मानद पदव्या प्रामुख्याने तीन नावांनी दिल्या जातात. साहित्य, कला, शिक्षण, समाजकार्य आणि सार्वजनिक जीवन यांतील कामासाठी डी.लिट.; विज्ञान, शेती, तंत्रज्ञान आणि उद्योग यांसाठी डी.एस्सी.; कायदा, न्याय आणि राज्यकारभार यांसाठी एलएल.डी. परदेशांत मानव्यविद्या, संगीत, धर्मशास्त्र अशाही शाखांच्या मानद डॉक्टरेट आहेत. लक्षात ठेवण्याची गोष्ट अशी की, हीच अक्षरे अभ्यास करून मिळवलेल्या पदवीसाठीही वापरली जातात. पदवीपत्रावर ‘मानद’ असा उल्लेख असतो, फरक कळतो तो त्यावरून. पीएच.डी. मात्र संशोधनाची पदवी आहे. जुन्या काळी तीही सन्मानाने दिली जाई. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांना जर्मनीतील गॉटिंगेन विद्यापीठाने १८८५ मध्ये ती तशीच दिली होती. आज आपल्या विद्यापीठांत तसा रिवाज नाही. म्हणून कोणी ‘मानद पीएच.डी.’ देऊ केली, तर तिथेच सावध व्हावे.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या चरित्रात या दोन्ही प्रकारांतला भेद लख्ख दिसतो. लंडन विद्यापीठाची डी.एस्सी. त्यांनी १९२३ मध्ये आणि कोलंबिया विद्यापीठाची पीएच.डी. १९२७ मध्ये मिळवली. त्यामागे अर्थशास्त्रावरचे प्रबंध आणि ग्रंथालयांत घालवलेली वर्षे होती. त्याच कोलंबियाने ५ जून १९५२ रोजी त्यांना एलएल.डी. दिली, तेव्हा प्रबंध मागितला नाही. राज्यघटनेच्या घडणीतील आणि सामाजिक न्यायाच्या लढ्यातील त्यांचे कार्य विद्यापीठापुढे होते. पुढच्या वर्षी, १९५३ मध्ये, हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठाने त्यांना डी.लिट. देऊन गौरवले. त्यांच्या नावामागचे ‘डॉक्टर’ अभ्यासाने आलेले होते. मानद पदव्यांनी त्यात भर घातली नाही. आपल्या काळातील मोठ्या कार्याची दखल त्या विद्यापीठांनी घेतली, एवढाच त्यांचा अर्थ होता आणि तो पुरेसा होता.

तिसरा प्रश्न घेणाऱ्याचा. त्यासाठी वयाची, शिक्षणाची किंवा परीक्षेची अट नाही. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, २०१६ प्रमाणे व्यक्तीचे श्रेष्ठ स्थान, तिची कर्तबगारी आणि तिने केलेली लोकसेवा, एवढ्याच आधारावर कोणतीही चाचणी न घेता ही पदवी देता येते. दाराची चौकट अशी रुंद असली तरी आत येण्याचा मार्ग सोपा नाही. कुलपती म्हणजे राज्यपाल. त्यांची पूर्वमान्यता कुलगुरूंनी घेतल्याशिवाय व्यवस्थापन परिषदेला प्रस्तावाचा विचार करता येत नाही. परिषदेने शिफारस केली की ती अधिसभेपुढे जाते. तिथे हजर सदस्यांपैकी किमान दोन-तृतीयांश जणांचा पाठिंबा लागतो आणि ही संख्या अधिसभेच्या एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून कमी असून चालत नाही. एका माणसाच्या मर्जीने पदवी दिली जाऊ नये, म्हणून ही व्यवस्था आहे.

अशा मतदानाला अर्थ असतो, याचे उदाहरण ऑक्सफर्डचे आहे. तिथेच शिकलेल्या आणि तेव्हा पंतप्रधान असलेल्या मार्गारेट थॅचर यांना मानद पदवी देण्याचा प्रस्ताव जानेवारी १९८५ मध्ये ७३८ विरुद्ध ३१९ मतांनी फेटाळला गेला. शिक्षणावरील खर्चात झालेली कपात हे त्यामागचे मुख्य कारण होते. तो निर्णय योग्य की अयोग्य, यावर दुमत असू शकते. पण प्रश्न विचारण्याची मुभा होती आणि मतमोजणी उघड झाली, म्हणूनच ऑक्सफर्डच्या ‘हो’लाही किंमत राहिली. अमेरिकेतील एमआयटी आणि स्टॅनफर्ड या विद्यापीठांनी तर मानद पदव्या न देण्याचेच धोरण ठेवले आहे.

बारामतीपुरते पाहायचे तर सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण शरद पवार यांचे आहे. पुण्याच्या बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालयातून ते पदवीधर झाले. महात्मा फुले कृषी विद्यापीठाने ऑक्टोबर २०२१ मध्ये त्यांना आणि नितीन गडकरी यांना डॉक्टर ऑफ सायन्स ही मानद पदवी दिली. पुढे १९ नोव्हेंबर २०२२ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाने याच दोघांना डी.लिट. प्रदान केली. पवार २००४ ते २०१४ अशी दहा वर्षे देशाचे कृषिमंत्री होते, त्यामुळे कृषी विद्यापीठाच्या डी.एस्सी.चा संबंध समजतो. मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार १४ जानेवारी १९९४ रोजी झाला, तेव्हा ते राज्याचे मुख्यमंत्री होते. त्या विद्यापीठाच्या इतिहासाशी त्यांचा संबंध असा थेट आहे. त्यांच्या राजकारणाविषयी मते वेगवेगळी असतील. पण देणारी संस्था, पदवीचा प्रकार आणि घेणाऱ्याचे कार्य यांची सांगड काय, हा प्रश्न प्रत्येक मानद पदवीबाबत विचारता आला पाहिजे आणि विद्यापीठाने त्याचे उत्तर आपणहून दिले पाहिजे.

राजकारणातील मोठ्या नावांना पदव्या मिळतात तेव्हा एक शंका लोकांच्या मनात येतेच, की मान कामाचा झाला की पदाचा? कायद्यात ‘श्रेष्ठ स्थान’ हे शब्द असल्याने पदाचा विचार बेकायदा नाही. तरीही विद्यापीठाने कर्तबगारी आणि लोकसेवा यांना अधिक वजन द्यावे, असे आमचे मत आहे. पद आज आहे, उद्या नाही. विद्यापीठाच्या दप्तरातली नोंद मात्र कायम राहते.

पुणे विद्यापीठाच्या सुरुवातीच्या काळाने या बाबतीत चांगला पायंडा घालून दिला आहे. १९४९ मध्ये सुरू झालेल्या या विद्यापीठाने १९५१ मध्ये महर्षी धोंडो केशव कर्वे यांना डी.लिट. दिली. विधवांच्या आणि एकूणच स्त्रियांच्या शिक्षणासाठी वेचलेले आयुष्य त्या पदवीमागे होते. १९५९ मध्ये कर्मवीर भाऊराव पाटील यांना याच विद्यापीठाने डी.लिट. दिली. भाऊरावांचे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतही पूर्ण झालेले नव्हते. पण १९१९ मध्ये त्यांनी सुरू केलेल्या रयत शिक्षण संस्थेने बहुजनांच्या मुलांना शाळा दिली, वसतिगृह दिले, श्रम करून शिकण्याची वाट दिली. ज्याला औपचारिक शिक्षण मिळाले नाही, त्याने हजारोंना ते मिळवून दिले. परीक्षेच्या मापाने न मोजता येणारे असे काम ओळखता यावे, यासाठीच तर मानद पदवी आहे.

असे काम आज या दोन तालुक्यांत नाही असे कोण म्हणेल? नीरा डाव्या कालव्याच्या पाण्यावर ऊस घेताना जमीन खारावली आणि ती पुन्हा सुधारण्यासाठी शेतकरी झटले. निमगाव केतकीच्या परिसरात डाळिंबाच्या बागा उभ्या राहिल्या. उजनीच्या फुगवट्यावर भिगवणच्या बाजूने मासेमारीचा धंदा वाढला. धरणात गावे गेल्यानंतर नव्या जागी कित्येकांना संसार उभा करावा लागला. या साऱ्यामागे प्रयोग आहेत, निरीक्षणे आहेत, दहा जणांना हाताशी धरून शिकवण्याची वृत्ती आहे. यांतल्या एखाद्या शेतकऱ्याच्या किंवा शिक्षिकेच्या कामाची विद्यापीठाने रीतसर छाननी करावी, ते लिहून काढावे आणि योग्य वाटल्यास अधिसभेपुढे ठेवावे. कायद्याची त्याला आडकाठी नाही. अशी नावे शोधून त्यांच्या कामाची कागदपत्रे तयार करण्याची जबाबदारी स्थानिक महाविद्यालयांनी आणि कृषी विज्ञान केंद्राने घेतली, तर विद्यापीठांची नजर गावापर्यंत पोहोचेल.

याच्या उलट बाजूला बनावट पदव्यांचा बाजार आहे. शहरातले सभागृह भाड्याने घ्यायचे, झूल आणि टोपी द्यायची, निवृत्त अधिकाऱ्यांना पाहुणे म्हणून बोलवायचे आणि ‘नोंदणी शुल्क’ घेऊन डॉक्टरेट वाटायची, अशी त्याची रीत आहे. फेब्रुवारी २०२३ मध्ये चेन्नईत एका खासगी संघटनेने अण्णा विद्यापीठाच्या सभागृहातच असा समारंभ केला. नामवंत कलाकारांनाही पदव्या दिल्या गेल्या. आपला या कार्यक्रमाशी संबंध नाही, असे विद्यापीठाला नंतर जाहीर करावे लागले आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेले. सभागृह विद्यापीठाचे असले म्हणून पदवी विद्यापीठाची होत नाही, हा त्यातला धडा. सात-बारा कोणीही छापू शकेल, पण तलाठ्याच्या दप्तरात नोंद नसेल तर त्या कागदावर जमीन मिळत नाही. पदवीचेही तसेच आहे. अनुदान आयोग बनावट विद्यापीठांची यादी प्रसिद्ध करतो आणि त्यात आपल्या राज्यातील नागपूरच्या राजा अरेबिक विद्यापीठाचे नाव वर्षानुवर्षे आहे. १९५६च्या कायद्यातील शिक्षा मात्र १,००० रुपयांपर्यंतच्या दंडाची. आजच्या काळात एवढ्या दंडाची भीती कोणाला वाटणार? ही तरतूद कडक व्हायला हवी.

या बाजारात फसणारे सगळेच प्रसिद्धीचे भुकेले नसतात. तीस वर्षे निष्ठेने शिकवणाऱ्या किंवा गावात मोफत रुग्णसेवा करणाऱ्या माणसाला कोणी तरी आपल्या कामाची दखल घेतली, याचे समाधान वाटते. त्या समाधानाचा असा व्यापार होणे क्लेशदायक आहे. म्हणून पत्र आले की तीन गोष्टी पाहाव्यात. देणाऱ्या संस्थेचे नाव अनुदान आयोगाच्या विद्यापीठांच्या यादीत आहे का? पैसे मागितले आहेत का? कोणत्या कामासाठी पदवी देत आहोत, हे लेखी सांगितले आहे का? खरे विद्यापीठ मानद पदवीसाठी शुल्क मागत नाही.

खरी मानद पदवी मिळाल्यावरही एक पथ्य आहे. नावामागे ‘डॉ.’ लावू नये, हा विद्याक्षेत्रातील संकेत आहे. तो सर्वत्र पाळला जात नाही, तरी तो योग्य आहे. पाच-सात वर्षे खपून प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्याच्या आणि वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या डॉक्टरच्या श्रमांचा तो आदर आहे. मानद पदवीच्या बळावर प्राध्यापकपद मिळत नाही, रुग्ण तपासता येत नाहीत आणि निवडणुकीच्या प्रतिज्ञापत्रात ती शैक्षणिक अर्हता म्हणून मांडणेही उचित नाही.

राज्यघटनेच्या अनुच्छेद १८ने राज्याकडून किताब देण्याची प्रथा बंद केली, पण सैनिकी आणि विद्याविषयक सन्मानांचा अपवाद ठेवला. नागरिकांमध्ये जन्माने किंवा सत्तेच्या कृपेने उच्च-नीच ठरू नये, मात्र शौर्याचा आणि विद्येचा मान व्हावा, हा त्यामागचा विचार. घटनेने इतक्या विश्वासाने मोकळी ठेवलेली ही जागा विद्यापीठांनी जपली पाहिजे. त्यासाठी प्रत्येक मानद पदवीबरोबर तिची कारणे सांगणारे सविस्तर मानपत्र प्रसिद्ध करावे आणि अधिसभेत झालेले मतदान जाहीर करावे.

समाजाला सन्मान करायला विद्यापीठच लागते असेही नाही. जोतीराव फुले यांना ‘महात्मा’ म्हटले ते ११ मे १८८८ रोजी मुंबईत, मांडवीच्या कोळीवाड्यात भरलेल्या लोकांच्या सभेने. आज त्यांच्या नावाचे विद्यापीठ इतरांना पदव्या देते. बारामती आणि इंदापुरातील शिक्षणसंस्था, सहकारी कारखाने, वाचनालये आणि ग्रामपंचायती यांना मानपत्र द्यायला, पुरस्कार द्यायला, एखाद्या दालनाला नाव द्यायला कोणताही कायदा अडवत नाही. कर्तृत्ववान माणसाचा गौरव करायचा असेल तर तो आपल्या नावाने, कारणे सांगून, गावासमोर करावा. डॉक्टरेट देण्याचे काम विद्यापीठांकडे राहू द्यावे आणि ती देताना त्यांनी आपल्या तालुक्यांकडेही पाहावे, असा आग्रह धरावा.