गटारातली हवा आणि पेटंटचा हिशेब



आरक्षणावरच्या वादात मुद्दे संपले की समोरचा एक प्रश्न हमखास फेकतो : ‘तुमच्या लोकांनी कोणता शोध लावला?’ मग आपली पोरं अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय संशोधकांच्या याद्या फॉरवर्ड करतात. हेतू चांगला आहे, पण त्या याद्यांत अर्धसत्यं बरीच असतात. ट्रॅफिक सिग्नल गॅरेट मॉर्गनने शोधला, असं त्यात लिहिलेलं असतं. सिग्नल त्याच्या आधीपासून होते. मॉर्गनने १९२३ मध्ये पेटंट मिळवलं ते मधल्या, सगळ्या बाजूंची वाहनं थांबवणाऱ्या स्थितीच्या सिग्नलचं. समोरचा गुगल करतो, एक चूक दाखवतो आणि आपला सगळा मुद्दाच खोटा ठरवतो. असा हकनाक मार कशाला खायचा?

त्यापेक्षा प्रश्नालाच प्रतिप्रश्न करा. शोध कुणी लावला हे नोंदवण्याचा अधिकार कुणाकडे होता?

अमेरिकेत मिसिसिपीच्या ऑस्कर स्टुअर्ट नावाच्या मळेवाल्याने आपल्या गुलामाने, नेड नावाच्या लोहाराने, बनवलेल्या कापूस-शेतीच्या अवजाराचं पेटंट मागितलं. १८५८ मध्ये तिथल्या अ‍ॅटर्नी जनरलने निर्वाळा दिला की गुलामाच्या शोधाला पेटंट मिळणार नाही. गुलाम नागरिक नाही, त्यामुळे तो ‘हा शोध माझा आहे’ अशी शपथ घेऊ शकत नाही; आणि मालकाने तर शोध लावलेलाच नाही. म्हणजे अवजार शेतात चालत होतं, पण कागदावर त्याचा निर्माता कुणीच नव्हता. आपल्याकडे तर असा निर्वाळा द्यायचीही गरज पडली नाही. कातडं कमावण्याचं रसायनशास्त्र, लोखंडाला पाणी देण्याचं तंत्र, ताग-अंबाडीचे दोर वळण्याचं कसब, हे सगळं ‘जातीचं काम’ म्हणून आधीच खाली ढकललेलं होतं. हातात विद्या आणि त्याच हातांना विटाळ!

आता मॉर्गनच्या त्या शोधाकडे येऊ, ज्याच्यासाठी त्याचं नाव आपण खरंच घेतलं पाहिजे. गुलामगिरीतून सुटलेल्या आईबापांचा हा मुलगा. १९१४ मध्ये त्याला श्वसन-टोपीचं पेटंट मिळालं. डोक्यावर टोपी आणि तिला जमिनीपर्यंत लोंबणारी लांब नळी. आगीत धूर आणि तापलेला वायू वर जातो, खाली हवा त्यातल्या त्यात बरी असते; तीच ओढून घ्यायची. नळीच्या तोंडाशी ओला स्पंज. २४ जुलै १९१६ रोजी क्लीव्हलँडमध्ये एरी सरोवराखालच्या बोगद्यात स्फोट झाला. आधी आत गेलेले बचाव करणारेही आतच पडले. मॉर्गन आणि त्याचा भाऊ टोप्या घालून उतरले आणि त्यांनी माणसं बाहेर काढली. शौर्याच्या राष्ट्रीय पदकांच्या यादीत मात्र त्याचं नाव आलं नाही. उलट टोपीचा निर्माता काळा आहे हे कळल्यावर दक्षिणेतल्या शहरांनी मागण्या रद्द केल्या. त्याआधी टोपी विकताना तो गोऱ्या माणसाला पुढे करायचा आणि स्वतः मूळनिवासी ‘इंडियन’ बनून प्रात्यक्षिक द्यायचा. मालाचं मेरिट तेच, फक्त चेहरा बदलायचा!

ही टोपी घालून आपला सफाई कामगार मॅनहोलमध्ये उतरला तर? मरेल. कारण गटारात विज्ञान उलटं चालतं. साचलेल्या मैल्यात प्राणवायू नसतो, तिथे सल्फेटवर जगणारे जिवाणू वाढतात आणि हायड्रोजन सल्फाइड सोडतात. हा वायू हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी बसतो. सुरुवातीला सडक्या अंड्यांचा वास येतो. प्रमाण वाढलं की नाकच बधिर होतं, आणि माणसाला वाटतं वास गेला, धोका गेला. पाठोपाठ वाचवायला उतरलेला दुसरा पडतो, मग तिसरा. मुळात प्राणवायूच कमी असल्यामुळे गाळणीचा मास्कही कुचकामी. वरून नळीने ताजी हवा द्यावी लागते, आधी पंख्याने हवा खेळवावी लागते, वायुमापक खाली सोडून पाहावा लागतो, अंगावर रबर-प्लॅस्टिकचा अभेद्य पोशाख लागतो.

हवेचा प्रवाह, जिवाणूशास्त्र, पॉलिमर रसायन – तिन्ही विषयांतलं ज्ञान एका मॅनहोलपुरतं केव्हाच उपलब्ध आहे. गटार साफ करणारा ‘बँडिकूट’ हा रोबो केरळच्या तरुण अभियंत्यांनी २०१८ मध्ये तिरुवनंतपुरममध्ये उतरवला. मग अडलं कुठे?

अडलं हिशेबात. पेटंट वीस वर्षांची मक्तेदारी देतं, गिऱ्हाईक देत नाही. यंत्र विकत घ्यायला पैसे लागतात. ठरावीक जातीतला माणूस रोजंदारीवर त्याहून स्वस्त मिळतो आणि मेला तर कंत्राटदार हात वर करतो. १९४५ मध्ये गांधीवादाची चिकित्सा करताना बाबासाहेबांनी यंत्राची बाजू घेतली होती. दोष यंत्राचा नाही, समाजरचनेचा आहे. यंत्राशिवाय कष्टकऱ्याला फुरसत आणि संस्कृती मिळणारच नाही, असा त्यांचा युक्तिवाद होता. सफाईला सेवाधर्म म्हणणाऱ्यांना यंत्राची घाई कधीच नव्हती, आजही नाही.

आपल्या पनवेलचंच बघा. २०१७ मध्ये तळोज्यात कुत्री निळी झाली. कारखान्याचा रंग कासाडी नदीत जात होता. जगभर फोटो छापून आले, प्रदूषण नियंत्रण मंडळ हललं, कारखाना बंद करावा लागला. चांगलंच झालं. पण मॅनहोलमधून गुदमरून काढलेल्या माणसाची बातमी आतल्या पानावर दोन ओळींत येते.

म्हणून यादी फॉरवर्ड करण्याऐवजी हे करा. २०१३ च्या कायद्याच्या कलम ७ नुसार महापालिका, कोणतीही संस्था किंवा व्यक्ती, कुणीही माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये धोकादायक सफाईसाठी उतरवू शकत नाही. पहिल्याच गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. खारघर-कामोठ्यातल्या सोसायट्यांचे चेअरमन-सेक्रेटरीही यात आले. २० ऑक्टोबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख केली. पनवेल महापालिका आणि सिडकोकडे माहिती अधिकारात विचारा : सक्शन आणि जेटिंगच्या गाड्या किती, वायुमापक किती, ते शेवटचे कधी तपासले, आणि माणूस उतरवायची लेखी परवानगी आजवर किती वेळा, कोणत्या कारणाने दिली. निविदेच्या अटींची प्रतही मागा. उत्तर तीस दिवसांत आलं नाही तर पहिलं अपील टाका, आणि आलेला कागद वस्तीतल्या सफाई कामगारांसमोर वाचून दाखवा. आत काय घडतं, हे त्यांना त्या कागदापेक्षा जास्त माहीत आहे.