पिनियन आधी, थ्रॉटल नंतर

गेल्या शनिवारी मोखाड्याला गेलो होतो, मित्राच्या गावी. भात कापून खाचरं मोकळी झालेली, वारा नाही... म्हटलं, हेलिकॉप्टर घेऊनच जाऊ. (४५० साइझचं, बॅटरीवालं.) पेटी उघडताच पोरं जमली. "दादा, लस आणली का?" डिसेंबर २०२१ मध्ये जव्हारहून झाप गावाला कोविड लसीचे ३०० डोस ड्रोनने गेले होते. रस्त्याने चाळीस मिनिटं, हवेतून नऊ-दहा. त्यामुळे उडेल ते सगळं ड्रोन!

पण हा ड्रोन नव्हे. साधा चार पंख्यांचा ड्रोन मोटरचा वेग कमी-जास्त करून वर-खाली होतो. हेलिकॉप्टरात मुख्य पंख्याचा वेग ठरलेला असतो, बदलतो तो पात्यांचा कोन. म्हणून तो वेग किती, हे घरी टेबलावरच ठरवावं लागतं. आणि तिथेच आपण हौशी लोक गडबड करतो.

हिशेब शाळकरी आहे. ३५०० केव्हीची मोटर म्हणजे व्होल्टमागे मिनिटाला ३५०० फेरे. तीन सेलची बॅटरी ११.१ व्होल्ट. गुणाकार ३८,८५०. मोठं गिअर १५० दात्यांचं, मोटरवरचं पिनियन १२ चं, म्हणजे पंख्याचे साधारण ३१०० फेरे. भाराखाली आणि थ्रॉटल थोडं राखून त्यातले ८०-८५ टक्के धरा, अडीच हजारांच्या वर. पुरे की!

माझ्यात १३ चं होतं. "डोंगरावर हवा पातळ, मोठं पिनियन लाव, वेग जास्त वाटला तर थ्रॉटल ६० टक्क्यांवर ठेव," असा एका जाणत्याचा सल्ला. अहो, साडेचारशे मीटरवर हवा जेमतेम चार टक्के पातळ होते, त्याला वेग दोन टक्के वाढवला की झालं. १२ चं १३ केलं की आठ टक्के वाढतो. जव्हारचा घाट चढताना एसटीचा ड्रायव्हर टॉप गिअर टाकून बसतो का? मोठ्या पिनियनने मोटर करंट जास्त ओढते, आणि अर्धवट थ्रॉटलवर ईएससी तो सतत तोडत-जोडत राहून तापतो.

चौथ्या मिनिटाला तो बंद पडला. हेलिकॉप्टर गवतात आपटलं, पोरांपासून वीसेक पावलांवर. २६०० फेऱ्यांनाही पात्याचं टोक ताशी ३४० किलोमीटरने फिरतं. पोरं टाळ्या वाजवत होती, माझे हात थरथरत होते.

माझं मत आता पक्कं आहे. आधी हवा तो वेग ठरवा, मग तो ८०-९० टक्के थ्रॉटलला मिळेल असं पिनियन निवडा. १०० टक्केही नको, कारण बॅटरी उतरत गेली की गव्हर्नरकडे वेग राखायला काही उरत नाही. थ्रॉटल कर्व्हने चुकीचं पिनियन झाकू नका.

रविवारी सकाळी सुटा ईएससी आणि १२ चं पिनियन बसवलं, दातांमध्ये कागदाची पट्टी घालून फट बघितली. पोरांना लांबच्या बांधामागे उभं केलं, कुरकुरली. पाच मिनिटं उडवून उतरवलं आणि मोटरला बोट लावलं. ठेवता आलं.